शेपूट तुटलेला नऊ

परिशिष्ट तीन: वास्तूच्या परिसरात आढळलेल्या व्यक्ती. अनुक्रमांक एक. वर्णन: पुरुष, वृद्ध, उंची मध्यम, कण्याला किंचित बाक. पूर्वीचा हुद्दा: बत्तीवाला, सदर हुद्दा आता अस्तित्वात नाही. स्थिती: बरी. गुडघ्यांची झीज, उजव्या हाताच्या बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. डागडुजीची आवश्यकता नाही. वास्तूशी संबंध: नाही. शिफारस: हलवावे.

अहवालात त्याच्याबद्दल एवढंच आहे. अनुक्रमांक दोनवर प्लॅटफॉर्मवरचं कुत्रं आहे. बायकोचा उल्लेख या परिशिष्टात नाही, कारण पाहणीच्या दिवशी ती खोलीच्या आत होती आणि आतल्या गोष्टींचं परिशिष्ट वेगळं होतं. त्यात ती आहे. खाटेच्या खाली आणि पाण्याच्या हंड्याच्या वर.

बत्तीवाल्याचं काम नावाइतकंच सरळ होतं. सिग्नलच्या खांबांवर रॉकेलच्या बत्त्या होत्या त्या काळात संध्याकाळी शिडीने वर चढायचं आणि बत्ती लावून यायचं. सकाळी पुन्हा चढायचं, ती उतरवायची, काचेची काजळी पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचं. यात मिरवण्यासारखं काही नव्हतं, पण तो मिरवायचा. "माझी बत्ती विझली तर गाडी जागच्या जागी उभी," असं तो चहाच्या टपरीवर ऐकवायचा.

"गाडी तशीही उभीच असते रे, बत्ती," टपरीवाला म्हणायचा.

गाव त्याला बत्तीच म्हणायचं. त्याला ते आवडायचं, कारण त्याच्या मते तो किताब होता.

स्टेशन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. गावात उतरायला कोणी नव्हतं, पण उतरण्याची सोय राजेशाही होती. घडीव काळ्या दगडाच्या तीन टोकदार कमानी, छपराच्या कडेला कोरीव लाकडाची झालर, लोखंडी खांबांना वेलबुट्टी, आणि मधल्या कमानीच्या माथ्यावरच्या दगडात इंग्रजी आकड्यांत खोदलेलं बांधकामाचं साल. शेवटचा आकडा नऊ. दिवसातून दोन गाड्या थांबत. बाकीच्या नुसत्याच शिट्टी मारून जात, ओळखीच्या माणसाने रस्त्यात मान हलवून निघून जावं तशा.

बत्तीवाल्याची बायको तोंडाने तिखट आणि नजरेने त्याहून तिखट होती. काचेवर राहिलेला काजळीचा डाग ती दहा हातांवरून दाखवायची. मग तिला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली, मग बाजूचं दिसेना, मग समोरचंही. मोठ्या गावच्या डॉक्टरने काचबिंदू म्हणून सांगितलं, उशिरा आलात म्हणून सांगितलं, आणि नवरा काय करतो म्हणून विचारलं. तो काय करतो ते कळल्यावर डॉक्टर म्हणाला, "म्हणजे दिव्याखाली अंधार!" कंपाउंडर हसला. म्हण इतकी चपखल बसली होती की पुढे कोणालाच ती वापरल्याशिवाय राहवेना. टपरीवाल्याने वापरली, पोस्टमनने वापरली, तिच्या सख्ख्या भावाने तर दुःख व्यक्त करतानाही वापरली.

तेव्हा ते दोघं रुळांच्या पलीकडच्या क्वार्टरमध्ये राहत. पाण्याचा नळ अलीकडे, प्लॅटफॉर्मच्या टोकाला. मधे दोन रूळवाटा. नजर अधू झाली तरी ती पाण्याला जायची, कारण शेजाऱ्याला सांगणं म्हणजे शेजारणीचं ऐकणं. एका सकाळी वेळापत्रकात नसलेली मालगाडी आली. बाई अलीकडे वाचली, हंडा मधे राहिला. गाडी गेल्यावर हंड्याची भाकरीएवढी जाड थाळी झालेली सापडली.

त्या वेळचे मास्तर जुन्या वळणाचे होते. म्हणजे लिहून काही देत नसत. ते थाळीकडे बघत म्हणाले, "प्लॅटफॉर्मच्या टोकाला नळाजवळ जागा पडून आहे. मोडलेल्या मालधक्क्याचे दगडही पडून आहेत. तू तिथे काय करतोस ते मी पाहिलेलं नाही."

"मग आपली जोडी जमली, मास्तर," बायको म्हणाली. "मीही पाहणार नाही."

ड्यूटी संपली की बत्तीवाला दगड लावायचा. मालधक्का स्टेशनाबरोबरच बांधलेला होता, तेव्हा दगड त्याच खाणीचे, त्याच छिन्नीचे. खोली आपोआप स्टेशनाच्या तोंडवळ्याची झाली. तो गवंडी नव्हता. मापं घ्यायला त्याच्याकडे बायको होती. तिला उभं करायचं, हात लांब करायला सांगायचं, हात जिथे टेकेल तिथे खडूची खूण. त्या उंचीवर त्याने चारी भिंतींना गुळगुळीत दगडांचा पट्टा काढला, बोटभर पुढे आलेला, म्हणजे तळवा टेकवून चालता यावं. स्टोच्या आधी पट्ट्याला एक खाच, खाटेच्या आधी दोन, दाराच्या आधी तीन. कोनाडे तिच्या खांद्याला लागून, वाकायला नको. आणि दाराला उंबरठा नडगीएवढा उंच.

"एवढा उंच? मी काय घोडा आहे का उड्या मारायला?"

"बाहेर प्लॅटफॉर्म आहे. प्लॅटफॉर्मला कड आहे. पाय अडला की समजायचं, घर संपलं."

"आणि तुमचा पाय अडला की?"

"मी बघून चालतो."

पहिल्याच दिवशी तो अडखळून तोंडावर पडला. पुढे कितीतरी वर्षं ती ही गोष्ट पाहिल्यासारखी सांगायची. पाया तिने थोडाफार पाहिला होता. छप्पर पाहिलं नाही.

त्या खोलीत ती आंधळी नव्हती. स्टो पेटवायची, भाजी चिरायची, सुईत दोरा ओवणं सोडून सगळं करायची. हात पट्ट्यावरून इतका सहज फिरायचा की नवा माणूस आला तर त्याला तिचं कळायचंही नाही. पाणी देताना पेला त्याच्या हातापासून वीतभर बाजूला धरला गेला की तेवढंच. बाहेर मात्र, उंबरठ्यापलीकडे, ती दगड व्हायची. नवऱ्याचा खांदा धरल्याशिवाय हलायची नाही.

मग सिग्नलवर वीज आली, बत्त्या भंगारात गेल्या, तो निवृत्त झाला, क्वार्टर गेलं. खोली राहिली, कारण ती कुठल्याच कागदावर नव्हती आणि जे कागदावर नाही ते काढून घेता येत नाही. मुलगा शहरात एका कारखान्यात होता, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. तो वर्षातून एकदा येऊन "आई, बाबा, चला आता" म्हणायचा आणि ते नाही म्हणाले की त्याला बरं वाटायचं. त्याने तसं कधी दाखवलं नाही. चांगला मुलगा होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना स्टेशन सुंदर आहे असा शोध लागला.

वारसा समिती येणार, ही बातमी नव्या मास्तरांनी दिली. नवे म्हणजे तसे दहा वर्षांचे जुने. स्टेशनाच्या माडीवर सहकुटुंब राहत. मिठाला जागणारे गृहस्थ, फक्त मीठ कोणाचं ते दर महिन्याला पगाराच्या पावतीवर तपासून घेत.

"काका, मोठी गोष्ट आहे. स्टेशनाला दर्जा मिळणार. सगळं मूळ रूपात आणणार."

"मूळ म्हणजे?"

"बांधलं तेव्हा जसं होतं तसं. जुनं ते राहणार, नंतर चिकटवलेलं ते जाणार. तो पत्र्याचा स्टॉल, सिमेंटचे बाक, संडासाची मोरी, सगळं उडणार."

"आणि आमची खोली?"

मास्तरांनी खोलीकडे असं पाहिलं जणू ती आत्ताच गाडीतून उतरली. "ती जुनी आहे का?" त्यांनी विचारलं. विचारताना आवाजात काहीच नव्हतं. हे त्यांचं कसब होतं.

बत्तीवाला घरी आला आणि म्हणाला, "खोली जुनी करायला लागणार."

"आपण झालो, ती का होत नाही?" बायको म्हणाली.

तो कामाला लागला. दगडांच्या सांध्यांमधलं सिमेंट खरवडून काढलं, चुना भरला, चुन्यात कोळशाची पूड कालवली. प्लास्टिकचा पाइप पुरून टाकला. पत्र्याऐवजी कुठल्याशा पडक्या गोदामाची कौलं आणून घातली. कोनाड्यांना काजळी धरवली. या कामात तर त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. जन्मभर काजळी पुसली, आता ती बोटाने सारवत होता. भिंती बघता बघता म्हाताऱ्या झाल्या. त्याला स्वतःचंच कौतुक वाटू लागलं, आणि तिथेच माशी शिंकली.

त्याला वाटलं, साल हवं. स्टेशनाला आहे, मग खोलीला का नको?

दारावरच्या दगडावर त्याने खडूने स्टेशनाचंच साल काढलं आणि छिन्नी घेतली. पहिले तीन आकडे नीट उतरले. शेवटच्या नऊचा वरचा गोलही झाला. खालचं शेपूट खोदताना दगडाची आडवी शीर लागली आणि एक चपटी ढलपी निघून पायाशी पडली. शेपटासकट. वर उरलं ते स्वच्छ, वाटोळं शून्य.

"काय फुटलं?" आतून बायकोने विचारलं.

"नवाचं शेपूट."

"मग?"

त्याने जरा लांब जाऊन पाहिलं. "शून्य झालंय. पण बिघडलं काय? साल मागेच गेलं, पुढे नाही गेलं. स्टेशनापेक्षा नऊ वर्षं जुनी झाली खोली. जुनं ते राहणार म्हणतात, मग हे तर आधी राहणार."

"स्टेशनाच्या आधी स्टेशनाची खोली?"

"एवढं कोण बघतंय?"

"मी बघत नाही, म्हणून सगळं जगच बघत नाही असं धरून चालू नका," ती म्हणाली. पण ढलपी त्याने तोवर नाल्यात फेकून दिली होती.

समिती आली. समिती म्हणजे एक वास्तुतज्ज्ञ बाई, मोजमापाची फीत धरणारे दोघे आणि टोपी घातलेला एक अधिकारी, जो सगळा वेळ सावलीत होता. बाई प्रामाणिक होत्या, हे सांगायलाच हवं. उन्हात उभ्या राहिल्या, गुडघ्यावर बसल्या, कमानींना हात लावताना त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. त्यांचं वास्तूंवर खरं प्रेम होतं. पुढचं सगळं त्या प्रेमातून झालं.

खोलीपाशी येऊन त्या थांबल्या. दारावरचं साल वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसला.

"ही स्टेशनाच्या आधीची आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "लाईन टाकण्याच्याही आधीची. म्हणजे मोजणीला पहिली तुकडी आली असणार, त्यांची ही खोली. या संपूर्ण मार्गावरची सगळ्यात जुनी वास्तू!" टोपीवाला अधिकारी पहिल्यांदाच उन्हात आला.

"काका, तुम्हाला काही माहिती आहे?"

बत्तीवाला पुढे सरसावला. "माझ्या आधीच्या बत्तीवाल्याला त्याच्या आधीच्याने सांगितलं होतं," तो म्हणाला. "फार जुनी. फारच."

"हे कोनाडे?"

"बत्त्यांचे."

"आणि हा पट्टा? किती झिजलाय बघा. पिढ्यान्‌पिढ्यांचे हात!"

"बत्त्या घेऊन यायचे, हात टेकायचे," तो म्हणाला. आता त्याला गोडी लागली होती.

"या खाचा? एक, दोन, तीन?"

"मोजणीच्या. किती बत्त्या आत, किती बाहेर."

खाटेवरून आवाज आला, "आणि स्टो सुद्धा मोजणीचाच." बाई हसल्या. फीतवाल्याने खाट, म्हातारी आणि हंडा त्याच क्रमाने लिहून घेतले.

उंबरठ्याचं कारण मात्र बत्तीवाल्याला ऐन वेळी सुचलं नाही. बाईंनी वाकून तो मोजला, विचारात पडल्या आणि टिपून घेतलं: प्रयोजन अज्ञात.

त्या संध्याकाळी तो खुशीत होता. "वाचलो," तो बायकोला म्हणाला. "नुसते वाचलो नाही. आपली खोली स्टेशनापेक्षा मोठ्या मानाची ठरली."

"मान फार झाला की माणूस बाहेर बसतो," ती म्हणाली, आणि पट्ट्याला हात लावून निजायला गेली.

अहवाल आला तो मास्तरांच्या टेबलावर. त्यांनी तो बत्तीवाल्याला वाचून दाखवला, कारण वाचून दाखवण्याने जबाबदारी वाटली जाते. स्टेशनाची इमारत द्वितीय श्रेणी: मूळ वापर व रहिवास चालू ठेवण्यास हरकत नाही. म्हणजे माडीवर मास्तर सुखरूप. दिव्यांची खोली प्रथम श्रेणी: अतिदुर्मिळ, मानवी वापर, धूर, ओल व स्पर्श वर्ज्य. महिनाअखेर रिकामी करावी.

"स्पर्श?" बत्तीवाला म्हणाला.

"हात लावायचा नाही. माणसाच्या हाताला घाम असतो म्हणतात, त्याने दगड खराब होतो."

"आणि स्टेशनात राहिलेलं चालतं?"

"द्वितीय आहे ना," मास्तर जरा खिन्न होऊन म्हणाले, जणू परीक्षेत त्यांचाच नंबर घसरला होता. "तुमची पहिली आली."

बत्तीवाल्याच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. खोली नऊ वर्षांनी तरुण असती तर द्वितीय श्रेणीत बसली असती, आणि द्वितीय श्रेणीत माणूस राहू शकतो. सगळं एका शेपटावर अडलं होतं.

"मास्तर, तुम्हाला तर माहीत आहे. ही खोली मी बांधली. तुम्ही सांगा त्यांना."

मास्तरांनी अहवालाच्या कडा जुळवल्या. "मी बदलून आलो तेव्हा ती इथे होती, काका. मी यायच्या आधीचं जे काही आहे ते माझ्या दृष्टीने प्राचीनच. आणि समजा सांगितलं, नवी आहे म्हणून, तर पाडतीलच. शिवाय विचारतील की विनापरवाना बांधकाम इतकी वर्षं दिसलं कसं नाही. मग तुम्हीही बाहेर आणि मीही. त्यापेक्षा एकटे तुम्ही बाहेर, हे हिशेबाला बरं नाही का?"

बाई पुन्हा आल्या तेव्हा बत्तीवाला त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. खोली नवी आहे असं म्हणायचं नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. फक्त नऊ वर्षं कमी करून घ्यायची.

"मॅडम, ते शून्य नाही. नऊ आहे. शेपूट तुटलंय."

"काका, मी भिंगाखाली पाहिलंय. गोल पूर्ण आहे."

"गोल पूर्णच असतो नवाचा. खाली शेपूट होतं. ढलपी उडाली."

"तुम्हाला कसं माहीत?"

नळावर कोणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज भरत भरत वर चढला आणि बंद झाला. "मीच खोदलंय," तो म्हणाला. मग धरण फुटावं तसं सगळंच आलं: मालधक्का, जुने मास्तर, चेपलेला हंडा, बायकोचे डोळे, पट्टा, खाचा, काजळी.

बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. फीतवाल्याला त्यांनी खुणेने सांगितलं, लिहून घे.

"काका," त्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जागेवर जीव जडला की माणसाला वाटायला लागतं, ही मीच बांधली. असं सगळीकडे होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. किती सुंदर गोष्ट आहे ही! आंधळ्या बायकोसाठी खोली बांधणारा बत्तीवाला. तुमच्या आधीच्यांकडून आली असणार."

"माझ्या आधी कोणाची बायको आंधळी नव्हती!"

"दंतकथेत तसं नसतं, काका."

तेव्हा बायको उठली. खाटेपासून पट्ट्याला हात लावून निघाली, दोन खाचा मागे टाकल्या, एका खाचेवर थांबून स्टो पेटवला, खांद्याच्या कोनाड्यातून न चाचपडता चहाचा डबा काढला, आधण ठेवलं, पुन्हा पट्टा धरला, तीन खाचांवर आली, पाऊल उंबरठ्याला टेकवलं आणि बाईंच्या समोर, चेहरा जरासा चुकीच्या दिशेला करून, म्हणाली, "आता सांगा. मोजणीची तुकडी माझ्या मापाची होती का?"

बाई थक्क झाल्या. त्यांनी तिला तेच सगळं पुन्हा करायला लावलं आणि फीतवाल्याकडून फोटो काढून घेतले. पुरवणी अहवालात एक परिच्छेद वाढला: मूळ रचना इतकी सुजाण होती की आजही दृष्टिहीन व्यक्तीस तीत सहज वावरता येते. खाली तळटीप: अशा व्यक्तीच्या हाताच्या घामामुळे पट्ट्याची झीज वेगाने होत असल्याचे निदर्शनास आले. रिकामी करण्याची तारीख अलीकडे आणावी.

चहा उकळून स्टोखालच्या दगडावर सांडला, तेवढा एक डाग नवराबायकोच्या हातचा राहिला.

आता बत्तीवाल्यापुढे एकच मार्ग होता, आणि तो मूर्खपणाचा होता. तो शहाणा असता तर मुलाला पत्र टाकून मोकळा झाला असता. पण शिडी चढून वर जायचं आणि तिथे जे बिघडलं असेल ते नीट करून खाली यायचं, एवढंच तो जन्मभर शिकला होता. सकाळची गाडी गेल्यावर, भर उन्हात, त्याने जुनी सिग्नलची शिडी दाराला लावली, छिन्नी घेतली आणि शून्याच्या उजव्या कुशीतून खाली शेपूट खोदायला सुरुवात केली.

"नीट जमतंय का?" बायकोने उंबरठ्याच्या आतून विचारलं. शिडीचा पाय तिने घट्ट धरला होता.

"या वेळी शीर टाळलीये."

"या वेळी जरा घाई करा."

अर्धं शेपूट झालं होतं, छान वळलेलं, स्टेशनाच्या नवापेक्षा उजवं, तेव्हा टोपीवाला अधिकारी उद्घाटनाची जागा मोजायला आला. त्याने वर पाहिलं. मास्तरांना हाक मारली. मास्तर आले, त्यांनीही वर पाहिलं, आणि या खेपेला त्यांना दिसलं.

"प्रथम श्रेणी," अधिकारी एवढंच म्हणाला.

"साहेब, मी दुरुस्त करतोय," शिडीवरून बत्तीवाला म्हणाला. "ते नऊ आहे."

"उतरा, काका," मास्तर म्हणाले. "उतरा. अजून वाढवू नका."

"अर्धंच राहिलंय!"

खाली उभ्या पोर्टरने शिडी हलवली. हलकेच, घाबरवण्यापुरती. छिन्नी पडली ती बायकोच्या पायाजवळ. तिने आवाजावरून उचलली आणि पदराखाली घेतली. शिडीबरोबर तीही जप्त झाली. वारसा वास्तूचे विद्रूपीकरण, असा गुन्हा लागला. वय बघून खटला भरणार नाहीत, फक्त आजच्या आज निघावं, असं ठरलं. याला सवलत म्हणतात. बाईंना कळलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी स्वतः येऊन अर्धं शेपूट चुन्याने भरून शून्य पूर्ववत केलं. काम इतकं बेमालूम होतं की त्यांनाही पुन्हा जागा सापडली नाही.

मास्तरांनी फोन केला तसा मुलगा संध्याकाळी गाडी करून आला. "मी तर कधीपासून म्हणत होतो," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. सामान फार नव्हतं. निघताना म्हातारीने चारी भिंतींना एकदा फेरी मारली. फीतवाला "अहो आजी, हात लावू नका" म्हणत तिच्या मागे फिरत होता. उंबरठ्यावर पाऊल अडलं तशी ती थांबली आणि तिने नवऱ्याचा खांदा चाचपला.

मुलाचं घर स्वच्छ होतं. भिंती तेलकट रंगाच्या, गुळगुळीत, एकसारख्या. दारं सगळी एकसारखी. फरशी इकडच्या खोलीतून तिकडच्या खोलीत आणि तिथून जिन्यावर न अडता गेलेली, कारण सूनबाईंना झाडताना कचरा अडलेला आवडत नसे. सून वाईट नव्हती; तिने खिडकीपाशी खुर्ची मांडून दिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही आता काही करायचं नाही." म्हातारीने पहिल्या दिवशी भिंतीला हात लावून पाहिला. "ही भिंत आहे की पाणी?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने सुनेला खाचांचं सांगून पाहिलं, निदान दारांपाशी. सून मुलाकडे पाहू लागली. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे तरी भिंती खोदू नका." बत्तीवाला जिन्याच्या दाराला उंबरठा म्हणून लाकडाची फळी ठोकून देतो म्हणाला, तर सोसायटीचा नियम आडवा आला. मग तो स्वतःच तिचा खांदा झाला. सकाळी उठवायचा, नेऊन आणायचा, बसवायचा. ती त्याला म्हणायची, "बत्तीसाठी दिवसातून दोनदा जायचात, माझ्यासाठी आठ वेळा. बढती मिळाली की तुम्हाला."

उद्घाटनाला त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो गेला. सूनबाई घरी आहे, पोचून संध्याकाळच्या गाडीने परत येतो, असं बायकोला सांगून गेला. स्टेशन ओळखू येत नव्हतं, इतकं ते पहिल्यासारखं झालं होतं. खोलीच्या दारात दोरी होती. आत खाटेच्या जागी एक पुतळा, निळ्या कपड्यातला, हातात कंदील. कंदील चुकीचा होता, गार्डाचा. पट्ट्यावर "स्पर्श करू नये" अशी पाटी. तो दोरीच्या अलीकडे उभा राहिला. त्याच्या शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, पूर्वी लोक बायकोसाठी काय काय करायचे," आणि नवरा म्हणाला, "पुढे वाच, पुरावा नाही म्हणून लिहिलंय."

बाहेरच्या फलकावर ते खरंच लिहिलेलं आहे. दिव्यांची खोली, प्रथम श्रेणी. या मार्गावरील सर्वांत प्राचीन वास्तू. मोजणी तुकडीने बांधली. ही खोली एका बत्तीवाल्याने आपल्या अंध पत्नीसाठी बांधली अशी स्थानिक दंतकथा आहे. तिला पुरावा नाही. या खोलीत कोणी वास्तव्य केल्याची नोंद नाही. कोनाडे: दिव्यांसाठी. पट्ट्यावरील खाचा: दिव्यांच्या मोजणीसाठी. उंच उंबरठा: प्रयोजन अज्ञात.

तो फलक वाचत होता त्याच दुपारी सून दार उघडं ठेवून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि म्हातारी संडासाला जायला एकटीच उठली. जिन्याच्या दाराला उंबरठा नव्हता.